गौराक्काची भीती

कसबा बावड्याच्या अगदी टोकाच्या गल्लीत राहणाऱ्या गौराबाईला कशाची भीती वाटत नाही, हे आधी सांगितलेलं बरं. सापाची नाही, चोराची नाही, गल्लीतल्या कुणा दांडगटाची तर नाहीच नाही. सासूची सुद्धा नव्हती, आणि तिची सासू म्हणजे जिला बघून पोस्टमन सायकलवरून उतरायचा अशी बाई होती. पण जे तापतं, फुसफुसतं, शिटी मारतं, झाकणाखाली आतल्या आत उकळतं, ते समोर आलं की गौराबाईच्या हातापायातलं अवसान जायचं.

ब्याण्णव साली नवऱ्यानं लक्ष्मीपुरीतनं कुकर आणला, तेव्हा सगळ्या गल्लीला हे कळलं. ती डाळ-भात लावायची, गॅस पेटवायची आणि सरळ परसात शेवग्याखाली जाऊन उभी राहायची. शिट्ट्या तिथूनच ऐकायच्या. शेवटच्या शिटीनंतर आत पळत यायचं, लांबूनच हात घालून गॅस बंद करायचा आणि पुन्हा शेवगा. पावसाळ्यात छत्री घेऊन उभी राहायची. शेजारणी खिडकीतनं म्हणायच्या, "गौराक्का, भात शिजतोय का तुमी?"

तिचा नवरा सिद्धाप्पा साखर कारखान्यात फिटर होता, तोही बॉयलर हाऊसमध्ये. म्हणजे देवानं जोडी जमवताना काय डोकं लावलं होतं बघा. हा माणूस दिवसभर घरापेक्षा मोठ्या बॉयलरच्या अंगाखांद्यावर खेळायचा, आणि त्याची बायको कुकरला बघून घर सोडायची. बॉयलरच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळं तो घरातही असा बोलायचा, की पलीकडच्या आळीतल्या माणसानं ओ द्यावी. पानपट्टीवर उभा राहून सांगायचा, "आमची गौरी! अगं, कुकर हाय त्यो, वाघ न्हाय म्हणून सांगतोय तिला पाच-सा वर्सं झाली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!"

लोक हसायचे. गौराबाईही हसायची. पण तिला ते लागायचं. घरी आल्यावर ती उगीचच भांडी आपटायची आणि सिद्धाप्पाला वाटायचं, भांड्यांचं काहीतरी बिनसलंय. इतकी भीती कशापायी, हे मात्र कुणी तिला कधी विचारलं नाही. भित्र्या माणसाला कारण विचारायची पद्धत आपल्याकडं नाहीच.

नव्व्याण्णव साली सिद्धाप्पानं स्वेच्छानिवृत्ती घेतली. पहिला महिना त्यानं झोप काढली, दुसऱ्या महिन्यात घरातले सगळे नळ उघडून पुन्हा बसवले, त्यातले दोन आजतागायत गळतात. तिसऱ्या महिन्यात तो आजऱ्याकडं एका जुन्या सोबत्याच्या घरी लग्नाला गेला आणि तिथं त्यानं गवती चहाचं तेल काढायची भट्टी बघितली. येताना एसटीत बसल्या बसल्याच त्याचं ठरलं होतं. घरामागं मुरमाड तुकडा होता. ऊस तिथं धरत नव्हता, गवती चहा मात्र कुणी न सांगता माजला होता. तेल साबणवाले घेतात, उदबत्तीवाले घेतात. आणि भट्टी म्हणजे काय, लहान बॉयलरच की.

शिवाजी उद्यमनगरातल्या हंबीररावाच्या वर्कशॉपमध्ये ती भट्टी तयार झाली. छातीएवढ्या उंचीचं लोखंडी पिंप. तळाला पाणी, त्याच्यावर जाळी, जाळीवर गवत. वर जाड झाकण, रबरी पॅकिंग लावून चहूबाजूंनी क्लॅम्पनं आवळलेलं. झाकणातनं निघालेली नळी हत्तीच्या सोंडेसारखी वाकून पलीकडच्या सिमेंटच्या हौदात शिरायची, गार पाण्यात वेटोळे घालून खाली बाहेर पडायची. वाफ गवतातनं वर चढायची, सोंडेतनं जायची, हौदात गार व्हायची आणि थेंब थेंब होऊन लांब मानेच्या भांड्यात पडायची. पाणी खाली राहायचं, तेल वर तरंगायचं. चुलीचं तोंड सिद्धाप्पानं बॉयलर हाऊससारखं खोपटाच्या भिंतीपलीकडं, बाहेरच्या अंगाला काढलं होतं.

त्याचा खरा जीव मात्र झाकणावरच्या सेफ्टी वॉल्ववर होता. एक आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकाला वजन. आत वाफ जास्त झाली की ती दांडा उचलायची, फुस्सकन बाहेर पडायची आणि दांडा पुन्हा खाली बसायचा. येईल त्या पाव्हण्याला चहाच्या आधी तो वॉल्व दाखवायचा. "हा जागेवर हाय तवर यम बी दारात थांबून परवानगी मागंल," म्हणायचा.

गौराबाईनं भट्टीच्या बाजूला पायच टाकायचा नाही असं ठरवलं होतं. पण सिद्धाप्पाचा एक दोष होता. त्याला एका जागी बसवत नसे. जाळ घातला, थेंब सुरू झाले, की हा निघाला पानपट्टीवर. मग मागं कोण? शिव्या देत, शिवाचं नाव घेत, पदर कमरेला घट्ट खोचून ती भट्टीच्या खोपटात जाऊन बसायला लागली. बसायची ती पिंपापासून लांब, नळीचं तोंड जिथं भांड्यात उघडायचं तिथं, एका लाकडी बाकावर. डोळे थेंबावर. थेंब पडतोय म्हणजे वाफेला वाट आहे, एवढं तिचं तिलाच कळलं होतं.

आणि मग काय झालं, तिच्या भीतीला काम मिळालं. जाळ घालायच्या आधी पिंपात पाणी खुणेपर्यंत आहे का, हे ती बघायची, आणि भरवसा नाही म्हणून परत बघायची. हौदातलं पाणी कोमट झालं की जीव वर-खाली व्हायचा, म्हणून आधीच गार पाणी सोडायची. गवत पिंपाच्या गळ्यापर्यंत कधीच भरू द्यायची नाही, सोंडेत एखादी काडी शिरली तर काय घ्या! झाकण लावायच्या आधी सोंडेला तोंड लावून फुंकायची, पलीकडनं वारा आला की मगच पुढं. सिद्धाप्पा बघून म्हणायचा, "आली आमची बासरीवाली." तयार झालेलं तेल ती लगेच उचलून पार पुढच्या खोलीत नेऊन ठेवायची, कारण ते जाळाजवळ असलं की तिला धाप लागायची. आणि जाळ विझल्यावर पिंपाला तळहात लावून ठेवता आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. तोवर कुणी घाई केली तर ती क्लॅम्पच्या समोर जाऊन उभी राहायची. सिद्धाप्पा चिडायचा, जेवायला उशीर व्हायचा, पण चार-पाच वर्षं ती भट्टी शहाण्या गाईसारखी चालली. याचं सगळं श्रेय तो वॉल्वला द्यायचा.

दोन हजार चार सालच्या गणपतीत गल्लीतली अंबूबाई आली. अंबूबाई म्हणजे बावड्यातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. घरी चार म्हशी, दूध संस्थेत दरारा, आणि बोलणं असं की समोरच्यानं नुसतं व्हय म्हणावं. गटानं अशीच एक भट्टी घालायचं मनावर घेतलं होतं. "आण्णा," ती सिद्धाप्पाला म्हणाली, "दसऱ्याच्या मुहूर्तावर आमी समद्या बायका बघाय येतोय. नीट शिकवा. आमाला पटलं तर भट्टी घालणार, न्हायतर आपली शिलाई मशीन घेणार."

सिद्धाप्पा हवेत गेला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्याला शिकवायला सांगत होतं. दसऱ्याच्या आदल्या रात्री त्यानं भाषण म्हणून बघितलं, तेही झोपेत.

खंडेनवमीला त्यानं पाने, हातोडे, आणि अर्थातच भट्टी धुऊन पुसून पूजली. पिंपाला भस्माचे पट्टे ओढले, झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं. कारखान्यात ते तांबड्या फडक्यात नारळ बांधून बॉयलर हाऊसच्या दारावर टांगायचे. इथं खोपटाला दारच नव्हतं. नारळ हातात घेऊन त्यानं इकडं तिकडं बघितलं. टांगायला एवढी सोयीची जागा दुसरी कुठं असणार? सेफ्टी वॉल्वचा दांडा चांगला हातभर पुढं आला होता. त्यानं नारळ त्याच्या टोकाला, वजनाच्या शेजारी, पक्की गाठ मारून बांधला, हात जोडले आणि जेवायला गेला.

दसऱ्याच्या सकाळी गौराबाईला तो नारळ दिसला.

"अवं, त्या दांड्याला नारळ कशाला? जड हुईल की त्यो."

"देवाचं हाय," सिद्धाप्पा म्हणाला. तो गवत भरत होता. आज बायकांना भांडंभर तेल दाखवायचं म्हणून पिंपात उतरून पायानं तुडवत होता, गवत पार गळ्याला आलं होतं. "पूजेचा नारळ आजच्या दिवशी काढतं व्हय कोण? अपशकुन करतीस?"

"आणि गवत लई झालंय. सोंड फुंकून तरी बघते."

तो पिंपातनं बाहेर आला, अंगावरचं गवत झटकलं आणि तिच्याजवळ येऊन, त्याला जमेल तेवढ्या हळू म्हणाला, "गौरे, आज इस बायका येणार हाईत. एक दिस. आज एकच दिस भिऊ नगंस. माझी अब्रू हाय."

त्याच्या आवाजात विनवणी होती. एवढ्या वर्षांत त्यानं तिला हुकूम दिले होते, चेष्टा केली होती, पण विनवणी कधी केली नव्हती. गौराबाई म्हणाली, "बरं. न्हाय भ्यायची." आणि खरं सांगायचं तर तिलाही एक दिवस भित्री नसलेली बाई होऊन बघायचं होतं.

बायका आल्या. नवी लुगडी, केसांत झेंडू, हातात आपट्याची पानं. सिद्धाप्पानं पिंपाच्या अगदी पुढ्यात सतरंजी अंथरली होती, म्हणजे सगळं नीट दिसावं. बायका दाटीवाटीनं बसल्या, अंबूबाई सगळ्यात पुढं. सिद्धाप्पानं जाळ घातला आणि बोलायला सुरुवात केली. वाफ म्हणजे काय, इथपासून तो निघाला. थोड्या वेळानं थेंब सुरू झाले, लिंबासारखा वास खोपटभर पसरला, बायका "आता गं बया" म्हणाल्या. सिद्धाप्पा फुलून आला.

गौराबाई आपल्या बाकावर होती. थेंब पडत होते. मग दोन थेंबांमधलं अंतर वाढलं. मग एक थेंब नळीच्या तोंडाशी येऊन लोंबकळत राहिला, पडेचना. दुसरा आलाच नाही.

तिनं दांड्याकडं बघितलं. वाफेला वाट नाही तर दांडा उचलायला पाहिजे होता, फुस्स व्हायला पाहिजे होतं. दांडा ढिम्म होता. टोकाला वजन आणि वजनाशेजारी देवाचा नारळ. पिंपातनं टक् असा आवाज आला. सिद्धाप्पाच्या बोलण्यात तो कुणालाच ऐकू गेला नाही.

ती गप्प बसली. होय, बसली. शब्द दिला होता. वीस बायकांसमोर किंचाळलं आणि काहीच झालं नाही तर? पुन्हा पानपट्टी, पुन्हा ब्रह्मराक्षस, आणि या खेपेला त्याची अब्रूही गेलेली. तिनं दात आवळले. मग अंबूबाई नीट दिसावं म्हणून सतरंजीवरून पुढं सरकली, आणि ते सरकणं गौराबाईला बघवलं नाही.

"एळ्री!" ती उठून ओरडली. "होरग होग्री! होरग होग्री!"

तिचं माहेर संकेश्वरच्या पलीकडचं. घाबरली की तोंडातनं कानडी यायचं, म्हणजे उठा, बाहेर जा. बावड्याच्या बायकांना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी काय बघितलं? नवरात्र नुकतंच उठलेलं, दसऱ्याचा दिवस, केस सुटलेली, डोळे मोठे केलेली, थरथर कापत कानडीत ओरडणारी बाई. आता कोल्हापूरच्या बायकांना याचा अर्थ सांगावा लागतो होय? पटापट हात जोडले गेले. एकीनं कपाळाचं कुंकू काढून पुढं केलं. अंबूबाईनं तर सतरंजीवर डोकं टेकलं आणि विचारलं, "आई, कंची तू? काय चुकलं आमचं?"

"आई न्हाय गं, वाफ हाय वाफ!" गौराबाई मराठीवर आली. "पळा भाईर, फुटतंय त्ये!"

यावर मात्र बायका अशा उठल्या, की खोपटाची एक बाजूच त्यांच्याबरोबर गेली. सिद्धाप्पा तेवढा जागेवर होता. त्याचा चेहरा रागानं लाल झाला होता. "काय बी हुईत न्हाय! सेफ्टी हाय त्याला! थांब, जरा क्लॅम्प सैल करतो," म्हणत तो पिंपाकडं निघाला.

गौराबाईनं त्याला मागून धरलं. सदरा धरला, तो फाटला, मग कंबर धरली. तीस वर्षांत तिनं नवऱ्याला चारचौघांत हात लावला नव्हता, आता फरफटत ओढलं. "झाकणाला हात लावायचा न्हाय! जाळ वढा आधी!" भिंतीच्या पलीकडं जाऊन तिनं लोखंडी आकड्यानं चुलीतली पेटती लाकडं बाहेर ओढली, लांब ढकलली. सिद्धाप्पा शेजारी उभा राहून बघत होता. नारळ त्याच्या आत्ता ध्यानात आला होता.

लाकडं ओढून होतायत तोवर पलीकडं मोठा आवाज झाला. झाकणाचं पॅकिंग एका अंगानं फाटलं आणि उकळतं पाणी, वाफ, शिजलेलं गवत असं सगळं तिथनं बाहेर आलं. बराच वेळ येत राहिलं. निवल्यावर सगळ्यांनी आत डोकावून बघितलं. सतरंजी भिजून वाफाळत होती. अंबूबाई जिथं डोकं टेकून बसली होती, तिथं हिरव्या गवताचा ढीग पडला होता. दांडा होता तिथंच होता आणि तांबड्या फडक्यातला नारळ जरासा हलत होता.

आपट्याची पानं द्यायची राहिली. बायका आपापल्या घरी गेल्या.

पुढं कित्येक दिवस सिद्धाप्पा पानपट्टीवर गेला नाही. हंबीररावानं नवं पॅकिंग बसवून दिलं, सोंडेत अडकलेला गवताचा बोळा काढून हातात ठेवला, तरी यानं भट्टी पेटवली नाही. एका दुपारी जेवताना ताटाकडं बघत म्हणाला, "मी बांधला त्यो नारळ. आयुष्य बॉयलरवर गेलं माझं, आणि मी बांधला."

"मी बगितला हुता की," गौराबाई म्हणाली. "आणि शब्द दिला म्हणून गप बसले."

तो पुढं म्हणाला, "काडी वढतो गं मी. चुलीपातूर न्यायच्या आदीच फुकून टाकतो." तिनं त्याला आणखी भात वाढला. चेष्टा करायची याहून चांगली संधी तिला जन्मात मिळाली नसती, पण तिच्या मनातही आलं नाही.

बचत गट आता शिलाई मशीन घेणार, हे दोघांनी धरून चाललं होतं. दिवाळीच्या तोंडावर अंबूबाई पुन्हा आली, मागं सगळ्या बायका. सिद्धाप्पा उठला, सदरा सारखा केला आणि घसा साफ केला.

"तुमी बसा आण्णा," अंबूबाई म्हणाली. "तुमचं ऐकून झालंय. आमी गौराक्काकडं आलोय." बायका अंगणात बसल्या. अंबूबाईनं गौराबाईला मधोमध बसवलं. "भट्टी आमी घालणार हाय. पण आदी तू सांग. तुला कशाकशाचं भ्या वाटतं, ते समदं सांग. एक बी गाळू नगंस. आणि कशापायी वाटतं, ते बी सांग."

गौराबाईनं बोलायला तोंड उघडलं आणि तिला हुंदकाच आला. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"माझी थोरली भण हुती, मल्लव्वा," ती म्हणाली. "माहेरी आमचं गुऱ्हाळ. रस उकळाय लागला की आमी पोरं काहिलीभोवती पळायचो, गरम गूळ मिळंल म्हणून. काहिलीच्या काठाला माती वल्ली असती, पाय सरकतो. ते आमाला कुणी सांगितलंच न्हवतं. मोठ्यांना वाटलं, पोरांस्नी ठावं असंल. ती माझ्या म्होरं पळत हुती. माझ्या हातात तिचा परकर हुता, त्यो सुटला. घरात तिचं नाव काढायचं न्हाय असं ठरलं. कुणी इचारलं, तर तापानं गेली म्हणायचं."

सिद्धाप्पा उंबऱ्यावर बसला होता. तीस वर्षं संसार झाला होता, आणि मेहुणी लहानपणी तापानं गेली, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्यानं मान खाली घातली आणि उपरणं तोंडाला लावलं.

गौराबाई उठली. अंबूबाईचं मनगट धरून तिनं तिला खोपटात नेलं, पिंपापासून लांब उभं केलं आणि पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर रेघ ओढली.

"जाळ हाय तवर ह्या रेघंच्या पुढं यायचं न्हाय," ती म्हणाली. "आता दुसरं सांगते."